दोन ठिपक्यांचे कुकर

१ मार्च, बुधवार

ज्या माणसांनी आपल्याला कधी पाहिलेलं नाही, त्यांनी आपल्यावर विश्वास का ठेवावा?

नोकरीच्या पहिल्याच दिवशी बाईंनी हा प्रश्न विचारला आणि मला उत्तर आलं नाही. पुस्तकातलं येत होतं. परीक्षेत तेवढ्यावर पैकीच्या पैकी मिळाले असते. पण बाई अशा बघत होत्या की ते वाक्य ओठांपर्यंत येऊन परत गेलं. मी म्हणाले, माहीत नाही. त्या म्हणाल्या, बरं झालं, ज्यांना माहीत असतं त्यांच्याशी मला काम करता येत नाही.

बाई म्हणजे आमच्या जनसंपर्क विभागाच्या प्रमुख. विभाग म्हणजे त्या, मी, दोन टेबलं आणि रस्त्याकडची एक खिडकी, जी रंग लावताना चिकटली ती आजतागायत उघडलेली नाही. कंपनी प्रेशर कुकर बनवते. मागच्या महिन्यात एका घरात आमच्या कुकरचं झाकण उडालं. माणसं शेजारच्या खोलीत होती म्हणून वाचली, पण फुटलेल्या ओट्याचा फोटो वर्तमानपत्रात आला आणि दुकानदारांनी आमचा माल मागच्या फळीवर ढकलला. म्हणून मला घेतलं आहे. लोकांचा गेलेला विश्वास परत आणायचा, हे माझं काम.

घरी आल्यावर आईला हे समजावून सांगता सांगता नाकी नऊ आले. ती शिवणाच्या मशीनवरून मान वर न करता म्हणाली, म्हणजे तू लोकांशी बोलायचं? मी हो म्हटलं. धाकटी लगेच म्हणाली, "म्हणजे पगार घेऊन गप्पा मारायच्या. आई, हिला तर हे जन्मापासून येतं, उगीच कॉलेजात घातलीस."

आईने ब्लाउजच्या मापाला आलेल्या दोन बायकांना तरीही सांगितलंच. आमच्या घरातली पहिली पदवी आहे, तिचा आवाज होणारच.

६ मार्च, सोमवार

आज माझी कल्पना बाईंपुढे मांडली. रात्रभर शब्द जुळवले होते, ते सगळे विसरले आणि आईचंच उदाहरण दिलं. आई गिऱ्हाइकाला शिवलेल्या कपड्याबरोबर उरलेलं कापड परत देते. बोटभर चिंध्यासुद्धा, पुरचुंडी बांधून. कुणी मागत नाही, बऱ्याच जणी ती पुरचुंडी पायपुसण्यासाठीच वापरतात. पण आमच्या गल्लीत दुसरे दोन शिंपी असताना बायका आईकडे येतात, त्या पुरचुंडीमुळे. लोकांना सगळं उघड दिसलं की त्यांना विचारावं लागत नाही.

म्हणून म्हटलं, दर शनिवारी कारखान्याचं दुरुस्तीचं दालन लोकांसाठी उघडूया. ज्याने त्याने आपला कुकर आणावा, समोर बसावं, डोळ्यांदेखत तपासून घ्यावा. फुकट. नाव 'उघडा शनिवार'.

मला वाटलं होतं खर्चाचं निघेल, सहा महिने फाईल फिरेल. बाईंनी हातातली फाईल मिटली. मग सरळ मला घेऊन मालकांच्या खोलीत गेल्या. मालकांनी सगळं ऐकून एकच विचारलं, "लोक येताना कुकर घेऊनच येतील ना? नुसते बघायला नाहीत ना येणार?" मी म्हटलं, घेऊनच येतील. ते म्हणाले, याच शनिवारपासून सुरू करा.

असा मालक लाखात एक. पोरीसोरीची कल्पना पाच मिनिटांत उचलून धरली.

११ मार्च, शनिवार

पहिला उघडा शनिवार. पाय तुटायचे बाकी आहेत, पण लिहिल्याशिवाय झोप येणार नाही.

सकाळी दालनात फक्त आम्हीच होतो आणि मांडलेल्या रिकाम्या खुर्च्या. मग एक आजी आल्या, कुकर साडीच्या धडप्यात बांधून, मांडीवरच्या बाळासारखा. त्यांच्यामागून एक जोडपं, मग एक शिक्षक, मग रांगच.

दुरुस्तीला काका आहेत. सगळी कंपनी त्यांना काकाच म्हणते, मालकसुद्धा. काका कुकर हातात घेतात, उलटा करतात, मुठीखाली अंगठा फिरवतात आणि मग कामाला लागतात. रबर बघतात, मूठ घट्ट करतात, आणि झाकणावरचा सेफ्टी व्हॉल्व्ह काढून नवा बसवतात. न मागता. एका बाईंनी विचारलं, आमचा व्हॉल्व्ह खराब होता का? काका म्हणाले, छे हो, कंपनीकडून भेट. ती बाई एवढी खूश झाली की तिने घरी जाऊन जावेलाही पाठवलं.

बाई दिवसभर दाराशी उभ्या होत्या. लोकांकडे कमी आणि काकांच्या हातांकडे जास्त बघत होत्या. परिपूर्णतेचा ध्यास म्हणतात तो हाच असावा.

१५ मार्च, बुधवार

माझी चित्रफीत आज कंपनीच्या पानावर चढली. कुकरच्या शिट्टीखालची नळी कशी साफ करायची ते मी दाखवलं आहे. नळीत दोरा ओवायचा, दोन्ही टोकं धरून मागेपुढे ओढायचा, मग झाकण उजेडाकडे धरून नळीतून बघायचं. पलीकडचं दिसलं की झालं. मजकूर मालकांकडून आला होता, मी फक्त तो माणसांच्या भाषेत आणला. शेवटचं वाक्य मात्र जसंच्या तसं ठेवायला सांगितलं होतं: कुकरची सुरक्षितता तुमच्या हातात आहे.

दुपारपर्यंत हजारो लोकांनी पाहिलं. धाकटीने घरी माझं नाव 'दोऱ्यावाली ताई' ठेवलं आणि जेवताना प्रत्येक घासाआधी चमच्याच्या भोकातून माझ्याकडे बघत होती. चमच्याला भोक कुठून आलं हे आईने विचारल्यावर दोघींनीही बोलणी खाल्ली.

१८ मार्च, शनिवार

आज बाई माझ्यावर भडकल्या. अजून कान गरम आहेत.

मी केलं ते इतकंच. काकांनी काढलेले जुने व्हॉल्व्ह टेबलाखालच्या डब्यात जातात. मला ते खटकत होतं. वस्तू गिऱ्हाइकाची, तर काढलेला भागही त्याचाच. म्हणून मी कागदाच्या छोट्या पिशव्या करून आणल्या आणि प्रत्येकाचा जुना व्हॉल्व्ह त्यात घालून हातात देऊ लागले. लोकांना फार आवडलं. काका एकदा म्हणाले, अगं कशाला, कचरा तो. मी ऐकलं नाही.

बाई दुपारी आल्या, एका माणसाच्या हातात पिशवी पाहिली आणि त्यांचा चेहरा उतरला. मला बाजूला नेऊन दबक्या आवाजात म्हणाल्या, कुणाला विचारून? मी आईच्या पुरचुंडीची आठवण दिली. त्या म्हणाल्या, "तुझ्या आईच्या चिंध्यांनी कुणाचं घर बसत नाही." मग स्वतः फाटकापर्यंत धावत गेल्या आणि त्या माणसाकडून पिशवी परत घेतली. काय कारण सांगितलं कुणास ठाऊक, तो हसत गेला.

सकाळी दिलेल्या पिशव्या मात्र गेल्या त्या गेल्या.

धातू वितळवून परत वापरत असतील, नुकसान होत असेल, असं मी मनाशी ठरवलं आहे. पण तसं असतं तर बाई तसं म्हणाल्या असत्या. आणि आईबद्दल बोलायचं काय कारण होतं?

२१ मार्च, मंगळवार

बाईंनी संध्याकाळी घरी नेलं. बहुधा शनिवारचं मनात असावं. एकट्या राहतात, घर लहान आणि इतकं नीटनेटकं की पाण्याचा पेला कुठे ठेवावा कळेना. त्या स्वयंपाक करत होत्या आणि मी ओट्याशी उभी राहून बोलत होते. बटाटे साध्या पातेल्यात, वर ताटली झाकून शिजत होते, आणि ते शिजेशिजेपर्यंत आमची दोघींची भूक मरायची वेळ आली. मी चेष्टेने म्हटलं, बाई, कुकर कंपनीच्या घरी पातेलं? त्या म्हणाल्या, मला एकटीला कसली घाई.

जेवताना मी नवी कल्पना काढली. लांबच्या गावांचे लोक शनिवारी येऊ शकत नाहीत. त्यांना ही व्हॉल्व्हची भेट टपालाने पाठवू, जवळच्या दुकानात बसवून मिळेल, आणि तसं जाहीर करू. केवढं नाव होईल.

बाईंनी हातातला घास ताटात ठेवला. म्हणाल्या, नको. जाहीर केली की ती भेट राहत नाही, लोक विचारू लागतात.

काय विचारू लागतात, हे विचारायला हवं होतं. पण त्यांनी मला आणखी वाढलं आणि माझ्या आईची चौकशी केली. शनिवारच्या त्या शब्दांबद्दल माफीही मागितली. इतक्या मोठ्या बाईने माफी मागितल्यावर ते विचारायचं राहूनच गेलं.

२५ मार्च, शनिवार

मावशीने आज सगळ्यांसमोर लाज काढली, आणि तरी तिचंच खरं होतं.

आईची ही धाकटी बहीण. भाचीची कंपनी बघायला म्हणून नटूनथटून आली, बरोबर तिचा लग्नातला कुकर. बुडाशी काळा, मूठ दोनदा बदललेली, झाकणावर खोक. काकांनी तो उलटा केला, अंगठा फिरवला, रबर बदललं आणि परत दिला. मावशी तिथेच बसली. म्हणाली, माझी भेट?

काका म्हणाले, तुमचा व्हॉल्व्ह उत्तम आहे, त्याला हात लावायला नको.

मावशी म्हणाली, "त्या पुढच्या बाईचा कुकर परवा घेतलेला, नवाकोरा. तिला भेट. माझा विसाव्या वर्षाला लागला, त्याला नाही. वा रे न्याय. सख्ख्या भाचीच्या कंपनीत मीच परकी."

मागचे लोक हसले. मीही काकांना म्हटलं, द्या ना, सगळ्यांना देतो तसा. काका ऐकेनात. मी जरा चढ्या आवाजातच बोलले, की भेट सगळ्यांना सारखी नसेल तर लोक बोलणारच. काका स्क्रू आवळत राहिले. मग म्हणाले, "पोरी, औषध आजाऱ्याला देतात. निरोग्याला नाही."

मावशी तणतणत गेली. मी दिवसभर काकांचा अंगठा बघत राहिले. ज्यांच्या मुठीखाली दोन ठिपके कोरलेले, त्यांचा व्हॉल्व्ह बदलतात. एक किंवा तीन ठिपके असले, किंवा मावशीच्या जुन्या कुकरसारखे ठिपकेच नसले, तर नाही. दोन ठिपकेच जास्त येतात, म्हणून इतके दिवस लक्षात आलं नव्हतं.

ठिपके म्हणजे माल कोणत्या वर्षात तयार झाला त्याची खूण, एवढं मला माहीत आहे.

आज यापुढे लिहीत नाही. लिहिलं की खरं होईल अशी भीती वाटते.

२८ मार्च, मंगळवार

पुन्हा झालं.

एका वसतिगृहाच्या स्वयंपाकघरात. वाटाणे शिजत होते. झाकण उडून स्वयंपाकीणबाईंच्या चेहऱ्याला आणि मानेला भाजलं. उजव्या डोळ्याचं डॉक्टर अजून काही सांगत नाहीत.

बाईंनी मला दवाखान्यात पाठवलं, बरोबर फळांची टोपली आणि छायाचित्रकार. भेटीचा फोटो यायला हवा, असं मालकांचं म्हणणं होतं. बाईंनी हे सांगताना खिडकीकडे बघून सांगितलं.

वॉर्डाच्या दाराशी मी छायाचित्रकाराला परत पाठवलं. तो म्हणाला, मला नंतर विचारतील. मी म्हटलं, माझं नाव सांग.

स्वयंपाकीणबाईंचा अर्धा चेहरा पट्टीत होता. त्यांची मुलगी उशाशी बसली होती. कंपनीतून आले म्हटल्यावर मुलगी उभी राहिली, पण त्यांनी हाताने तिला बसवलं. एका डोळ्याने माझ्याकडे बराच वेळ बघितलं आणि म्हणाल्या, "तुम्ही त्या दोऱ्यावाल्या ना? मी रोज दोरा ओवत होते. आजही ओवला. उजेडाला धरून बघितलं, पलीकडचं झाड दिसलं. मग मी काय चुकले, तेवढं सांगा."

मला रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. त्या खरंच विचारत होत्या.

टोपली कुठे ठेवली तेही मला आठवत नाही.

२९ मार्च, बुधवार

जेवणाच्या सुट्टीत काकांना गाठलं. दालनात आम्ही दोघंच होतो. मी स्वयंपाकीणबाईंचा प्रश्न जसाच्या तसा त्यांना विचारला.

काका आधी म्हणाले, मी मिस्त्री माणूस, मला कशाला विचारतेस. मग डबा बंद केला आणि हळूहळू बोलू लागले. कुकरच्या झाकणाला वाफेसाठी दोन दारं असतात. एक शिट्टीचं. ते कधीही तुंबू शकतं. साफ नळीतसुद्धा शिजताना वाटाण्याचं साल जाऊन बसतं, त्यात कुणाची चूक नसते. म्हणून दुसरं दार, सेफ्टी व्हॉल्व्ह. त्यात एक नरम धातू असतो, फार तापला की वितळून वाफेला वाट करून देतो. दोन ठिपक्यांच्या मालात स्वस्तातला धातू आला आणि तो वितळतच नाही.

"दुसऱ्या दाराला बाहेरून कुलूप," ते म्हणाले. "पहिलं उघडं आहे तोवर कुणाला कळत नाही."

मी विचारलं, कधीपासून माहीत आहे? ते म्हणाले, ओट्याचा फोटो आला त्याच आठवड्यात. सगळ्या वरच्या लोकांना. गुपचूप माल परत कसा गोळा करायचा, याचा खल चालला होता. तेवढ्यात तू आलीस.

लोक येताना कुकर घेऊनच येतील ना?

काका म्हणाले, माझं नाव कुठे घेऊ नकोस, निवृत्तीला वर्ष राहिलं आहे. मी घेणार नाही म्हटलं. मग त्यांनी डबा उघडला, पण जेवले नाहीत.

३० मार्च, गुरुवार

बाईंशी बोलले. दार लावून.

त्यांनी काहीच नाकारलं नाही. खुर्चीत मागे टेकून विचारलं, तुला काय वाटतं, काय करावं? मी म्हटलं, जाहीर करावं. आज.

त्या म्हणाल्या, कर विचार. आज जाहीर केलं की उद्या दुकानदार सगळा माल परत पाठवतील, फक्त दोन ठिपक्यांचा नाही. बँक हात वर करेल. महिन्याभरात फाटकाला कुलूप. खाली किती माणसं काम करतात ती तू रोज बघतेस. बरं, कंपनी बंद झाल्यावर लोकांचे उरलेले व्हॉल्व्ह कोण बदलणार? "तू बदलणार? तुझ्या उघड्या शनिवारने जेवढे कुकर सुरक्षित झाले तेवढे कुठल्याही जाहीर माफीने झाले नसते. आणखी वर्षभर असंच चालू दे. झाकली मूठ आहे, म्हणून कामही होतंय आणि घरंही चालतायत."

मी त्या स्वयंपाकीणबाईंचं विचारलं. बाई म्हणाल्या, उपचारांचा सगळा खर्च कंपनी करणार.

मी म्हटलं, त्यांनी खर्च नाही विचारला, काय चुकलं ते विचारलं.

बाईंनी चष्मा काढून पुसला. बराच वेळ पुसत राहिल्या.

मला त्यांचा राग यायला हवा. येत नाही. त्यांचा प्रत्येक मुद्दा बरोबर आहे, आणि सगळे मिळून चूक आहेत, पण नेमके कुठे ते मला दाखवता येत नाही. कॉलेजात वादविवादाच्या ढाली जिंकल्या त्या कशाच्या जोरावर, कुणास ठाऊक.

३१ मार्च, शुक्रवार

गल्लीतल्या प्रत्येक घरात जाऊन कुकर उलटा करून पाहिला. पाहणी चालू आहे म्हणून सांगितलं. दोन ठिपक्यांचे सापडले ते 'दुरुस्तीला नेते' म्हणून उचलून आणले. आमच्या पुढच्या खोलीत कुकरांची उतरंड लागली आहे. धाकटी म्हणाली, दुकान काढतेस की चोरी करतेस?

आईने मशीन थांबवलं आणि विचारलं, काय झालंय? मी म्हटलं, कामाचं आहे. ती म्हणाली, बरं, आणि पुन्हा शिवू लागली. थोड्या वेळाने मशीनच्या आवाजातच म्हणाली, "नोकरी जाण्यासारखं आहे का?"

मी कुकर मोजू लागले. ती म्हणाली, तुझ्या नोकरीआधीही आपण जेवत होतो.

पण मला माहीत आहे ती किती लोकांना सांगून बसली आहे. आणि आपली गल्ली वाचवली म्हणजे झालं का? ज्यांच्या गल्लीत मी राहत नाही त्यांचं काय?

१ एप्रिल, शनिवार

आज बोलायचं ठरवून गेले होते. ध्वनिक्षेपक माझ्याच हातात असतो. स्वागताचं बोलता बोलता सांगून टाकायचं, एवढंच.

रांग फाटकाबाहेर गेली होती. दुसऱ्या अपघाताची बातमी येऊनही लोक आले, उलट जास्त आले. एक आजोबा म्हणाले, दुसरी कंपनी असती तर तोंड लपवून बसली असती, तुम्ही दार उघडून बसलात. लोकांनी टाळ्या वाजवल्या. माझ्यासाठी. बाई दाराशी होत्या, मालक वर गॅलरीत. मी ध्वनिक्षेपक तोंडाशी नेला आणि सगळ्यांचं स्वागत केलं.

पाणी कुठे ठेवलं आहे ते सांगितलं. सावलीत बसा म्हटलं.

दुपारी लांबच्या गावाहून एक माणूस आला. पोत्यात तीन कुकर, शेजाऱ्यापाजाऱ्यांचेही घेऊन आला होता. तिन्ही दोन ठिपक्यांचे. काकांनी त्यांचे व्हॉल्व्ह बदलले. जाताना तो म्हणाला, आमच्या आळीत असे अजून बरेच आहेत, पण हंगामाचं काम चालू आहे, पुढच्या महिन्यात आणले तर चालेल का? "घाई तर नाही ना, ताई?"

काकांचा हात थांबला. बाई माझ्याकडे बघत होत्या.

मी म्हटलं, नाही, घाई नाही.

तो नमस्कार करून गेला. मी त्याच्यामागे फाटकापर्यंत धावले. त्याची गाडी निघून गेली होती.

इतके दिवस मी फसवलं ते नकळत. आजचं माझं स्वतःचं आहे.

३ एप्रिल, सोमवार

बाईंनी सकाळी बोलावलं. ज्या ज्या गिऱ्हाइकांनी कुकर घेताना फोन नंबर दिला होता, त्या सगळ्यांना उद्या कंपनीतर्फे संदेश जाणार आहे. तुमच्या विश्वासाबद्दल आभार, अशा आशयाचा. मजकूर मी लिहायचा.

मी म्हटलं, लिहून दाखवते. बाई म्हणाल्या, नको. मी दोन दिवस बहिणीकडे जाते आहे, तिथे फोन लागत नाही. तूच लिही आणि तूच पाठव. मला दाखवू नकोस.

माझा माझ्या कानांवर विश्वास बसेना. ज्या बाई माझ्या दोन ओळींच्या पत्रातला स्वल्पविराम हलवतात, त्या. मी विचारलं, आणि मालक? त्या म्हणाल्या, मालकांना मी सांगितलं आहे की मजकूर मी पाहिला. मग त्यांनी संदेश पाठवायच्या यंत्रणेचा परवलीचा शब्द कागदावर लिहून माझ्या हातात दिला आणि पर्स उचलली. दाराशी थांबल्या. वाटलं काहीतरी बोलणार. पण त्यांनी फक्त ती चिकटलेली खिडकी एकदा ढकलून पाहिली आणि गेल्या.

आता मी काय करू? शनिवारी माझं 'घाई नाही' ऐकून त्यांची खात्री पटली असावी की पोरगी आता ताळ्यावर आली. म्हणून एवढा विश्वास टाकला. त्या विश्वासाने माझे हात बांधले गेले आहेत. त्यांनी मला हाकलून दिलं असतं, धमकी दिली असती, तर किती सोपं झालं असतं. आता जे काही करीन ते त्यांच्या पाठीत सुरा खुपसल्यासारखं होईल. मालकांना त्या काय तोंड दाखवतील?

आभाराचा मजकूर लिहिला. चांगला झाला आहे. वाचताना मलाच भरून आलं. म्हणून खोडला.

४ एप्रिल, मंगळवार

सकाळी कंपनीत जाण्याआधी दवाखान्यात गेले. स्वयंपाकीणबाई झोपल्या होत्या. मुलीला बाहेर बोलावून सगळं सांगितलं. दोन दारांचं, कुलपाचं, धातूचं. तुझ्या आईची काहीही चूक नव्हती, असं दोनदा सांगितलं. चुकीचा धातू घातला तो आमच्या कंपनीने, आणि ते माहीत असूनही कुणी बोललं नाही. मुलगी रडली नाही. तिने विचारलं, हे अजून कुणाकुणाला माहीत नाही? मी म्हटलं, दुपारपर्यंत सगळ्यांना कळेल.

ते बोलून गेले आणि मग मागे फिरायला जागा उरली नाही. बहुधा त्यासाठीच आधी तिथे गेले होते.

कंपनीत येऊन टेबलाशी बसले. पहिल्या मसुद्यात 'खबरदारी म्हणून' आणि 'काही कुकरमध्ये कदाचित' असं होतं. ते शब्द मला फार सफाईने सुचले. या महिन्याभरात शिकले ते हेच. एकेक काढत गेले. उरलं ते असं:

'नमस्कार. आमच्या ज्या कुकरच्या मुठीखाली दोन ठिपके आहेत, त्यांचा सेफ्टी व्हॉल्व्ह सदोष आहे. चूक आमची आहे. तो कुकर आजपासून शेगडीवर ठेवू नका. नळी साफ असली तरीही ठेवू नका. नवा व्हॉल्व्ह मोफत मिळेल. शेजाऱ्यापाजाऱ्यांनाही सांगा. घाई आहे.'

खाली कंपनीचं नाव, आणि प्रश्न विचारण्यासाठी माझा स्वतःचा नंबर.

कंपनीच्या पानावर टाकता आलं असतं, ते अधिक ठळक दिसलं असतं. पण पानावरचं खोडता येतं. मालकांना यायला दहा मिनिटं पुरली असती, आणि मला घाबरायला त्याहून कमी. म्हणून कालच यंत्रणेच्या माणसाला फोन करून सहज विचारल्यासारखं विचारून घेतलं होतं. तो म्हणाला, फोनवर गेलेला संदेश परत घ्यायची सोय नाही, नीट वाचून मगच पाठवा. मी नीट वाचला. मग पाठवला.